छर्ऱ्यांच्या दिशेनं फुगणारा पत्रा

जालन्याच्या एमआयडीसीतून सळयांनी भरलेला ट्रक बाहेर पडतो, तेव्हा सगळा भार चाकांवरच्या पाट्यांवर येतो. खड्डा आला की पाटा वाकतो, पुन्हा सरळ होतो, आणि हे लाखो वेळा चालतं. तरी तो लवकर तुटत नाही, कारण कारखान्यात त्याच्यावर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा जोरदार मारा केलेला असतो. याला शॉट पीनिंग म्हणतात. गंज काढायचं शॉट ब्लास्टिंग वेगळं; इथं प्रत्येक ठोका मोजूनमापून द्यायचा असतो.

आता हाच मारा एखाद्या सपाट पत्र्याच्या एकाच बाजूवर करा. ठोके खाऊन पत्रा पलीकडे खचेल, असं कुणालाही वाटेल. पण होतं नेमकं उलट! पत्रा छर्ऱ्यांच्याच दिशेनं फुगतो.

असं का? छर्रा आदळला की तिथं बारीकसा खळगा पडतो आणि तिथला धातू बाजूला सरकतो. असे अगणित खळगे एकमेकांवर पडले की वरचा पातळ थर पसरू पाहतो. त्याखालचा धातू मात्र जागचा हललेला नसतो, तो वरच्याला पसरू देत नाही. दाबात अडकलेला तो थर मग अख्ख्या पत्र्यालाच बाक देतो, कारण बाकाच्या बाहेरच्या अंगाला जागा जास्त मिळते. पाट्याचं रक्षणही हाच दाब करतो. भेग बहुधा पृष्ठभागावर, ताण पडला की सुरू होते. आधीच दाबून ठेवलेल्या धातूत तिला तोंड उघडणं अवघड जातं. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हातोडीनं माठारकाम करतात, तेव्हा तांब्याचं भांडंही ठोक्यांनी कणखर होतं.

या वाकण्याचा उपयोग आधी मोजमापासाठी झाला. जनरल मोटर्समधले संशोधक जॉन आल्मेन यांनी 76 मिलिमीटर लांबीची पोलादी पट्टी घेतली, तिच्या एका बाजूवर छर्रे मारले आणि पट्टीला किती बाक आला यावरून माऱ्याचा जोर ठरवला. आजही जगभर हीच पट्टी वापरतात. पुढं लॉकहीड कंपनीत विचार झाला, की पट्टी वाकते तर विमानाच्या पंखाचा पत्रा का वाकू नये? कॉन्स्टेलेशन विमानांच्या पंखांसाठी ही रीत आली. त्याच घराण्यातली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं 1954 पासून एअर इंडियाच्या ताफ्यात होती.

मला यात सर्वांत थोर वाटतं ते हे, की कित्येक मीटर लांबीच्या पत्र्याला अवाढव्य साचा लागत नाही, प्रेस लागत नाही, भट्टीही लागत नाही. कुठं किती मारा करायचा एवढंच ठरवायचं.

छर्रे घडतात ते मात्र भट्टीतच. भंगार वितळवून त्या रसाच्या धारेवर पाण्याचा जोरदार फवारा मारतात. धार फुटते आणि थेंब गोल होऊन थिजतात. भंगार वितळवणं जालन्याला नवं नाही. तिथली टीएमटी सळईही पाण्याच्या माऱ्यानं बाहेरून कडक आणि आतून लवचीक होते.

आणि आकार देताना बाक जरुरीपेक्षा जास्त आला तरी पत्रा फेकून द्यावा लागत नाही; दुसऱ्या बाजूनं छर्रे मारले की तो कमी करता येतो.