मुलींची उन्हाळी फेलोशिप : पालक सभासदांसाठी माहिती

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाच्या नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली एक वेगळाच प्रश्न विचारतात. "साहेब, पोरगी उन्हाळ्यात दिल्लीले जातो म्हणते. फेलोशिप का काय ते. पाठवाव का नाई?" म्हणून थोडी माहिती देत आहे.

शिष्यवृत्ती शिक्षणाच्या खर्चासाठी मिळते. फेलोशिपमध्ये ठरावीक मुदत एखाद्या खात्यात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करायचे, जाणत्यांच्या हाताखाली शिकायचे आणि शेवटी अहवाल द्यायचा असतो. थोड्या मुदतीच्या अशा कामाला बहुधा इंटर्नशिप म्हणतात. ही नोकरी नव्हे, आणि पुढे नोकरी लागेलच अशी हमीही नाही.

चांदूर रेल्वेकडच्या मुलींना तीन वाटा सांगता येतील.

पहिली, राष्ट्रीय सेवा योजना. ती १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. कॉलेजातच नाव देता येते. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि खेड्यात सात दिवसांचे निवासी शिबिर असते. चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय येथे लागते.

दुसरी, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची दोन महिन्यांची इंटर्नशिप. ती फक्त स्त्रियांसाठी आहे आणि महानगराबाहेरच्या अर्जदारांसाठी ठेवलेली आहे. वय २१ ते ४० लागते.

तिसरी, २०१५ साली सुरू झालेली राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप. ती उन्हाळ्यापुरती नसून वर्षभराची आहे. पदवीधर व २१ ते २६ वयाची अट आहे. एक तृतीयांश जागा मुलींना आहेत.

आता, याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्रात ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांना राखीव आहेत. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांतही दोन जागा राखीव असतात. जागा आहेत, पण फॉर्म भरायच्या आदल्या रात्री घरातल्या बाईचे नाव शोधले जाते. मग खुर्चीवर ती आणि कारभार दुसऱ्याचा. चांगला ऊस पाहिजे तर बेणेमळ्याची तयारी वर्षभर आधी करावी लागते, हे आपण जाणताच. ताळेबंद वाचणारी, सभेत प्रश्न विचारणारी बाई तरी एका रात्रीत कशी तयार होईल? तिची तयारी कॉलेजच्या वयातच व्हायला हवी.

पाठवण्यापूर्वी मात्र पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. निवडीसाठी किंवा जागा पक्की करण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर तेथेच थांबावे.

२. निवडीचे लेखी पत्र घ्यावे. काम, मुदत, मानधन व राहण्याची सोय त्यात स्पष्ट असावी.

३. कामाच्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे विचारावे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे २०१३ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. शिकाऊ मुलीलाही त्याचे संरक्षण मिळते.

४. चौकशी हिवाळ्यातच करावी. मे महिन्यात कॉलेज सुटल्यावर विचारले तर बहुतेक मुदती गेलेल्या असतात. अटीही दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षाची जाहिरात मुलीकडून वाचून घ्यावी.

उन्हाळी वर्गाची कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या उन्हाळी वर्गांना परप्रांतांतूनही शिकणारे येत. लोकांनी आपली मुले विश्वासाने आपल्याकडे पाठवली, तसा विश्वास आता आपण आपल्या मुलींवर ठेवावा.

आणि जिला जाणे जमणार नाही, तिच्यासाठी घरचीच एक वाट आहे. कारखान्याचा वार्षिक अहवाल आपल्याकडे येतो. तो फळीवर ठेवू नका; मुलीच्या हाती द्या आणि नफा-तोटा पत्रक तिच्याकडून समजून घ्या. आमसभेत आपण काय विचारावे, हे ती सांगू लागेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी