दोषनोंदींचा शोध आणि नकाराचा अर्थ

यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात संगणकाहून जुना आहे. थॉमस एडिसन याने १८७८ साली लिहिलेल्या एका पत्रात लहानसहान यांत्रिक अडचणींसाठी हाच शब्द योजलेला आढळतो. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रातील एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला आणि यंत्रचालकांनी तो नोंदवहीच्या पानावरच चिकटवून ठेवला. दोष सापडणे ही एक गोष्ट, आणि त्याची नोंद करून ठेवणे ही दुसरी. नोंदलेला दोष हवा त्या वेळी पुन्हा सापडणे ही तिसरी गोष्ट होय, आणि नोंदींची संख्या हजारांच्या घरात गेली म्हणजे तीच सर्वांत अवघड ठरते. या तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे दोषनोंदणीच्या सॉफ्टवेअरमधील प्रगत शोधाचा, भाषेच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अशा सॉफ्टवेअरपैकी ‘बगझिला’ हे विशेष प्रसिद्ध आहे. टेरी वाइसमन यांनी तयार केलेली ही प्रणाली १९९८ साली मोझिला प्रकल्पाबरोबर सर्वांना खुली झाली. २००२ साली ॲटलासियन या कंपनीने ‘जिरा’ ही दुसरी प्रणाली आणली. गॉडझिला या चित्रपटातील राक्षसी प्राण्याचे जपानी नाव ‘गोजिरा’ असे आहे. त्याचे हे संक्षिप्त रूप बगझिलाच्या नावाकडे बोट दाखवते. दोहोंत प्रत्येक दोषाची एक स्वतंत्र नोंद असते आणि नोंदीत ठरावीक रकाने असतात. कोणत्या उत्पादनात व त्याच्या कोणत्या घटकात दोष आहे, तो कोणी कळवला, कोणाकडे सोपवला, त्याची अवस्था काय, आणि निकाल लागला असल्यास तो कोणता, ही माहिती त्या रकान्यांत भरली जाते. निकालाचेही प्रकार असतात. दोष दुरुस्त झाला, तो दुरुस्त न करण्याचे ठरले, ती पूर्वीच्याच एखाद्या नोंदीची पुनरुक्ती होती, अथवा परीक्षकाच्या यंत्रावर तो दिसलाच नाही, असे निरनिराळे निकाल बगझिलात नोंदवता येतात.

साधा शोध म्हणजे एका चौकटीत दोनचार शब्द लिहिणे. प्रगत शोधात मात्र शोधकाला वाक्य रचावे लागते. या वाक्याचा लघुतम घटक तीन पदांचा असतो: रकान्याचे नाव, संबंधदर्शक आणि मूल्य. ‘अवस्था’, ‘बरोबर आहे’, ‘नवी’ हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. संबंधदर्शकांत ‘अमुक अक्षरे समाविष्ट आहेत’, ‘यांपैकी एखादा शब्द आहे’, ‘हे सर्व शब्द आहेत’, ‘अमुक दिवसानंतर बदलले’ अशी विविधता असते. असे अनेक घटक ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तीन शब्दांनी जोडून हवे तेवढे मोठे वाक्य करता येते. जॉर्ज बूल याने १८५४ साली विचाराच्या नियमांवर ग्रंथ लिहून तर्काला जे बीजगणिताचे रूप दिले, त्याचाच हा व्यावहारिक उपयोग आहे. हे तीन शब्द बोलभाषेतलेच असल्यामुळे शोधक त्यांचा अर्थही बोलभाषेप्रमाणे गृहीत धरतो, आणि येथेच घोटाळ्याला आरंभ होतो.

प्रथम ‘आणि’ घेऊ. ‘मुद्रण आणि जतन या घटकांतील दोष दाखवा’ असे कोणी तोंडी सांगितले, तर ऐकणारा दोन्ही घटकांतील दोषांची एकत्र यादी देतो. तेच वाक्य शब्दशः शोधभाषेत उतरवले, तर एकाच वेळी मुद्रणाचा आणि जतनाचाही असेल तोच दोष मागितला जातो. आणि प्रत्येक नोंदीला एकच घटक असेल, तर यादी रिकामी येते. बोलण्यातील ‘आणि’ येथे नामांना जोडते, शोधातील ‘आणि’ विधानांना जोडते. म्हणून अशा ठिकाणी ‘किंवा’च योजावे लागते. शिवाय जिराच्या शोधभाषेत कंस घातले नाहीत, तर ‘किंवा’च्या आधी ‘आणि’ची जोडणी होते. त्यामुळे ‘मुद्रण किंवा जतन, आणि अवस्था नवी’ या शोधात ‘नवी’ ही अट केवळ जतनाला लागते. मुद्रणाचे जुने, मिटलेले दोषही यादीत येऊन बसतात. मराठी बोलणारा जे काम विरामाने व आघाताने करतो, ते येथे कंसाने करावे लागते.

‘आणि’चा आणखी एक सूक्ष्म भेद बगझिलात दिसतो. एखाद्या दोषाची वार्ता ज्यांना कळवायची, अशा अनेक व्यक्तींचे पत्ते एका रकान्यात असतात. त्या रकान्यात अमुक नाव आहे आणि अमुक संस्थेचा पत्ता आहे, अशा दोन अटी घातल्या असता दोन अर्थ संभवतात. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी असाव्यात, हा पहिला अर्थ. नाव एकाचे आणि संस्था दुसऱ्याची असली तरी चालेल, हा दुसरा. ‘वर्गात उंच आणि हुशार मुले आहेत’ या वाक्यातही हीच संदिग्धता आहे. बगझिलाने ती सोडवण्यासाठी ‘सर्व अटी जुळाव्यात’ या पर्यायाखेरीज ‘सर्व अटी एकाच मूल्याशी जुळाव्यात’ असा वेगळा पर्याय ठेवला आहे. त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला यादी मिळते, परंतु ती त्याच्या प्रश्नाचे उत्तर नसते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नकाराचा आहे. आपल्याकडील वैयाकरणांनी व मीमांसकांनी नकाराचे दोन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले. पर्युदासात नकाराचा संबंध नामाशी असतो. एक वस्तू वगळून तत्सदृश दुसरीचे ग्रहण होते. प्रसज्यप्रतिषेधात नकाराचा संबंध क्रियेशी असतो. तेथे केवळ निषेध होतो, दुसऱ्या कशाचे ग्रहण होत नाही. ‘अमराठी’ हा शब्द पर्युदासाचे चांगले उदाहरण आहे. दगडालाही मराठी येत नाही, पण म्हणून त्याला कोणी अमराठी म्हणत नाही. मराठीहून अन्य भाषा बोलणारी व्यक्ती असाच त्याचा अर्थ होतो. उलट ‘हा मराठी बोलत नाही’ हे वाक्य अद्याप बोलू न लागलेल्या तान्ह्या मुलाविषयीही खरे असते.

जिराच्या शोधभाषेतील ‘बरोबर नाही’ हे चिन्ह पर्युदासाचे आहे. ‘घटक मुद्रण नाही’ असे विचारले असता ज्या नोंदींत घटक लिहिलेला आहे आणि तो मुद्रणाहून वेगळा आहे, तेवढ्याच मिळतात. ज्यांत घटकाचा रकाना रिकामाच आहे, त्या मिळत नाहीत. समजा, एकूण १०० नोंदी आहेत. त्यांपैकी ३० मुद्रणाच्या, ५० इतर घटकांच्या, आणि २० नोंदींत घटक भरलेलाच नाही. ‘घटक मुद्रण आहे’ याला ३० नोंदी येतात, ‘घटक मुद्रण नाही’ याला ५० येतात. उरलेल्या २० दोन्ही याद्यांतून निसटतात. याचे कारण असे की रिकामा रकाना हे मूल्य नसून मूल्याचा अभाव आहे, आणि अभावाशी केलेली तुलना खरीही ठरत नाही व खोटीही ठरत नाही. प्रसज्यप्रतिषेध हवा असेल तर तो उघड सांगावा लागतो: ‘घटक मुद्रण नाही, किंवा घटक रिकामा आहे’. प्रत्येक प्रणालीत रिकाम्या रकान्याची वागणूक सारखीच असेल असे नाही. म्हणून आपल्या प्रणालीत ती कशी आहे, हे आधी पाहून घेणे आवश्यक असते.

हा भेद केवळ शास्त्रचर्चेचा नव्हे. नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी व्यवस्थापक विचारतो, ‘मुद्रणाचे दोष दुसरा गट पाहत आहे, ते सोडून गंभीर असे काही उरले आहे काय?’ शोध घेतला जातो, यादी रिकामी येते, आणि ‘काही उरलेले नाही’ असे उत्तर दिले जाते. परंतु जो दोष नुकताच कळवला गेला आहे, ज्याकडे अद्याप कोणी लक्ष दिलेले नाही, त्याच्याच नोंदीत घटकाचा रकाना रिकामा असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. अर्थात ज्या दोषाविषयी सर्वांत कमी माहिती आहे, तोच यादीतून निसटतो, आणि त्याचा त्रास पुढे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला भोगावा लागतो.

काळाचा प्रश्नही असाच आहे. सामान्य शोध वर्तमानाविषयी असतो. नोंदीची आजची अवस्था काय, एवढेच तो पाहतो. दुरुस्त म्हणून मिटवलेला दोष पुन्हा उघडला गेला काय, हे जाणण्यासाठी नोंदीचा इतिहास विचारावा लागतो. बगझिलात ‘अमुक मूल्यावरून बदलले’, ‘अमुक मूल्याकडे बदलले’, ‘अमुक व्यक्तीने बदलले’ असे संबंधदर्शक त्यासाठी आहेत. जिरात भूतकाळवाचक ‘होते’ या अर्थाचा संबंधदर्शक आहे, पण त्याचा अर्थ मराठीतील ‘होते’हून व्यापक आहे. ‘तो मुंबईस होता’ असे म्हटले की आता तो तेथे नाही असे आपण सहज समजतो. जिरातील ‘होते’ मात्र पूर्वी असलेल्या आणि आजही असलेल्या, अशा दोन्ही नोंदी देते. केवळ पूर्वीच्याच हव्या असतील, तर ‘आणि आता नाही’ ही अट निराळी जोडावी लागते.

मराठीत लिहिलेल्या नोंदींचा शोध घेताना आणखी एक अडचण येते, ती रूपांची. पडद्यावरील ‘खिडकी’विषयीच्या तक्रारीत ‘खिडक्या’, ‘खिडकीत’, ‘खिडकीच्या’ अशी रूपे येतात. पूर्ण शब्दाचा शोध घेतला तर ती सर्व निसटतात. ‘खिडक’ एवढी अक्षरे समाविष्ट असलेल्या नोंदी मागितल्या तर सर्व सापडतात, कारण संगणकाच्या संकेतक्रमात या सर्वांचा आरंभ एकच आहे. ‘कोपऱ्यात’ या शब्दाची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यातील ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात; यंत्र त्यांना भिन्न समजण्याचा संभव असतो. तेथे नियमित पदावलीचा आधार घेता येतो. स्टीफन क्लीन याने १९५०च्या दशकात मांडलेल्या गणितातून निघालेली ही लेखनपद्धती अक्षरांचा साचा सांगते. ‘कोप.*यात’ असे लिहिले म्हणजे मधला भाग कोणताही चालेल असा अर्थ होतो, आणि दोन्ही रूपे हाती लागतात. नको असलेले काही शब्दही त्याबरोबर येतात. पण ते डोळ्यांनी वगळता येतात, निसटलेले मात्र दिसतच नाहीत.

शोधाची व्याप्तीही तपासली पाहिजे. बगझिलातील त्वरित शोध, वेगळे सांगितले नाही तर, केवळ खुल्या नोंदी पाहतो. मिटलेल्याही हव्या असल्यास ‘सर्व’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत आरंभी लिहावा लागतो. तसेच सुरक्षेशी संबंधित नोंदी ठरावीक व्यक्तींनाच दिसाव्यात अशी व्यवस्था करता येते. त्यामुळे एकाच प्रश्नाला दोन व्यक्तींना दोन उत्तरे मिळू शकतात, आणि दोघांनाही आपलेच उत्तर पूर्ण वाटते. उपयुक्त शोध नाव देऊन जतन करण्याची व इतरांस देण्याची सोय दोन्ही प्रणालींत आहे. तो जतन करताना त्याचा अर्थ एका साध्या मराठी वाक्यात लिहून ठेवला, तर पुढे तो वापरणाऱ्याची फसगत टळते.

या सर्वांतून एक सोपी कसोटी हाती येते. कोणत्याही महत्त्वाच्या शोधाबरोबर त्याचा नकारही विचारून पाहावा, आणि दोन्ही याद्यांची बेरीज एकूण नोंदींशी ताडून पाहावी. वरील उदाहरणात ३० आणि ५० मिळून १०० होत नाहीत, हे कळण्यास अंकगणितापलीकडचे ज्ञान लागत नाही. बेरीज जुळली नाही म्हणजे काही नोंदी ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोहोंच्या बाहेर राहिल्या आहेत, आणि निर्णय घेण्यापूर्वी त्याच उघडून वाचल्या पाहिजेत.