उपग्रहाचा माग

परभणी जिल्ह्यांतील पिंगळी येथून दक्षिणेकडे, किंचित् पश्चिमेस, क्षितिजापासून सुमारें ६७ अंशांवर दृष्टि लावली, तर नुसतें आकाश दिसतें. त्याच दिशेस, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, इन्सॅट-१ब हा दळणवळणाचा उपग्रह १९८३ मध्यें स्थिरावला. पृथ्वीच्या गतीनेंच फिरत असल्यानें तो एका जागीं उभा भासे.

उपग्रह आरंभीं लंबवर्तुळाकार मार्गानें फिरतो, व एकाच केंद्रास सदैव दिसत नाहीं. म्हणून तो कोणत्या क्षणीं कोठें उगवेल, याचें गणित उड्डाणापूर्वींच मांडून निरनिराळ्या खंडांवरील केंद्रांत पहाऱ्याची वांटणी करावी लागते.

या पहाऱ्याचें मोल मोठें आहे. १९८२ च्या एप्रिलांत सोडलेला इन्सॅट-१अ, दिशा सांवरण्याचें इंधन संपून, सप्टेंबरांत निकामी झाला. पुढील वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं निघालेल्या इन्सॅट-१ब चें सौरपटल अवकाशांत अडकलें. परंतु कर्नाटकांतील हासन येथील नियंत्रण केंद्रानें त्याचा माग सोडला नाहीं. अनेक दिवस आज्ञा धाडल्यावर पटल उघडलें, आणि उपग्रहाच्या योगें दूरदर्शनचे कार्यक्रम दूरदूरच्या प्रक्षेपण-केंद्रांस मिळूं लागले.