हिरव्या पडद्याची किमया

चित्रपटातील नायक ढगांतून विहार करतो, खवळलेल्या समुद्राशी झुंज देतो आणि प्रेक्षक श्वास रोखून ते पाहतात. वस्तुतः नट स्टुडिओतील एका हिरव्या अगर निळ्या पडद्यापुढे उभा असतो; ढग आणि समुद्र यांचे चित्रण निराळ्या स्थळी झालेले असते. मागाहून पडद्याचा रंग नाहीसा करून ही दोन चित्रे एकजीव करण्यात येतात.

पडदा हिरवा किंवा निळाच का? मनुष्याची त्वचा गोरी असो वा सावळी, तिच्यात तांबड्या रंगाचा अंश अधिक असतो. म्हणून या पडद्यांपासून नटाची आकृती सहज वेगळी काढता येते. मात्र नटाने पडद्याच्याच रंगाचा अंगरखा घातला, तर पडद्याबरोबर तोही नाहीसा होतो आणि धडावाचून मस्तक तरंगू लागते!

१९४० साली प्रदर्शित झालेल्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याच्या साहाय्याने बाटलीतून प्रकटणारा अजस्र जिन दाखविला. म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या किशोर नटाची त्यात प्रमुख भूमिका होती. परंतु या रीतीत एक उणीव होती. आकृतीच्या कडेला निळसर रेषा राही. केसांच्या बटा, धूर आणि काच यांच्या बाबतीत तर मोठीच अडचण येई; कारण तेथे वस्तू आणि पडदा यांचे रंग एकमेकांत मिसळलेले असतात.

'बेन-हर' (१९५९) या चित्रपटासाठी पेट्रो व्लाहोस यांनी हा पेच सोडविला. एखादा बिंदू निळा आहे की नाही, एवढेच न पाहता त्यातील निळा रंग हिरव्याहून किती अधिक आहे, हे त्यांनी विचारात घेतले. हा फरक मोठा असेल तेथे पडदा समजावा, मुळीच नसेल तेथे नट समजावा आणि थोडा असेल तेथे मागील दृश्य तेवढ्याच प्रमाणात दिसू द्यावे, असे हे तत्त्व होय. पुढे संगणकांनीही रंगांतील फरकाचे हेच तत्त्व स्वीकारले.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकी निम्मे हिरव्या रंगासाठी असतात. त्यामुळे हिरवा पडदा अधिक रूढ झाला. तरीही पडद्यावर प्रकाश सारखा पडावा लागतो आणि त्याची झाक अंगावर पडू नये म्हणून नटाला दूर उभे करावे लागते. सारा पडदा पुसून टाकणे सोपे. पण केसाएवढी बारीक कड जपणे कठीण. ती जपली जाते, तेव्हाच खोटा समुद्र खरा भासतो.