पाहुणा दोन रात्रींचा की दोन महिन्यांचा? खारघरच्या फ्लॅटमालकांनी काय पाहावे?

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले आणि नवी मुंबईत खोल्यांचे दर कडाडले. पण कार्यक्रम संपले की फ्लॅट रिकामा. मग जास्त दिवस राहणारे पाहुणे कुठून येणार?

खारघरमध्येच टाटा मेमोरियलचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. कर्करोगावरील रेडिएशन अनेकदा आठवड्याला पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालते. परगावच्या कुटुंबाला तेवढे दिवस घर लागते.

काय कराल?

दर : एअरबीएनबीवर ७ आणि २८ रात्रींसाठी वेगळी सवलत देता येते. उपचार लांबले तरी तोच दर ठेवा.

सोयी : गॅस, कुकर, वॉशिंग मशीन हवेच, रुग्णाचे पथ्य घरीच सांभाळले जाते.

माहिती : लिफ्ट आहे का, पाणी कधी येते, रुग्णालय किती मिनिटांवर, हे आधीच लिहा.

कागदपत्रे : लिव्ह अँड लायसन्स करार केल्यास त्याची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सोसायटीलाही आधी कळवा.

रात्रीचा दर कमी मिळेल; पण घर महिनाभर भरलेले राहील आणि थकलेल्या कुटुंबाला रोज नवी खोली शोधावी लागणार नाही.