खोबरेल तेलाची वाटी

आमचा लेक चार वर्षांचा असताना संस्थेतून दत्तक म्हणून घरी आला. रडत नाही, हट्ट करत नाही, कुणाकडेही जातो. जो तो म्हणायचा, किती शहाणा मुलगा! दुसऱ्याच आठवड्यात तो सोसायटीच्या फरशीवर आपटला, गुडघा फुटला. मी चार पावलांवर उभी होते. तो माझ्याकडे आला नाही. नळाखाली स्वतःच पाय धुतला आणि पुन्हा खेळायला गेला. सासूबाई म्हणाल्या, "शूर आहे गं." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दुखलं की आईकडे धावायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्यातूनच आम्ही समुपदेशक ताईंकडे पोहोचलो. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा लावला आणि आम्हा दोघांना छोटी छोटी कामं दिली. एकमेकांना खाऊ भरवा. त्याला येत नाही असं काहीतरी शिकवा. तो घरी आला त्या दिवसाची गोष्ट सांगा. एक मिनिट त्याला सोडून बाहेर जा. मी बाहेर गेले, परत आले, त्याने मान वर केली नाही. नंतर ते चित्रण पाहताना मलाच माझं दिसलं: खाऊ भरवतानासुद्धा मी विचारत होते, हा रंग कोणता, किती झाले? तो उत्तरं देत होता, माझ्याकडे बघत नव्हता.

या पद्धतीचं नाव थेरप्ले. १९६७ साली शिकागोत, गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या 'हेड स्टार्ट' योजनेत काम करताना अ‍ॅन जर्नबर्ग आणि फिलिस बूथ यांनी ती उभी केली. मुळाशी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा विचार आहे. बाळ रडतं, कुणीतरी येतं, उचलतं. हे शेकडो वेळा घडलं की जग भरवशाचं आहे हे त्याच्या अंगात मुरतं. संस्थेत मायेच्या बायका असल्या तरी त्यांच्या पाळ्या बदलतात, आणि मूल कुणा एकीवर विसंबायला शिकत नाही.

म्हणून उपचार एकट्या मुलावर होत नाही, आई-बाप आणि मूल या जोडीवर होतो. खोलीत खेळणी जवळजवळ नसतातच. कापसाचा बोळा फुंकून एकमेकांकडे पाठवायचा, हातावर हात रचायचे, डोळ्यांनी खूण केली की उडी मारायची. खेळ मोठ्याने ठरवायचा, म्हणजे मुलाला सतत सावध राहावं लागत नाही. आपली आपडी-थापडी, चिऊकाऊचा घास त्याच जातीचे. माझ्या लेकाचं ते सगळं राहून गेलं होतं. चार वर्षांच्या मुलाला बाळासारखं खेळवताना मला आधी संकोच वाटला. ताई म्हणाल्या, राहिलेलं आधी भरून काढू.

एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते. 'बंध जुळवण्या'च्या नावाखाली कुणी मुलाला बळजबरीने धरून, दाबून ठेवायला सांगितलं, तर तिथून उठून या. कोलोरॅडोत २००० साली एक दहा वर्षांची मुलगी अशाच 'उपचारा'त गुदमरून गेली. थेरप्लेत मूल आक्रसलं की आपण थांबायचं आणि खेळ बदलायचा.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो खुणा मोजण्याचा खेळ. रोज रात्री त्याचे हातपाय बघायचे. हा तीळ कालचाच, हा डास चावलेला, हे नवं खरचटलेलं. प्रत्येक खुणेभोवती बोटाने हलकंसं तेल फिरवायचं. ताई क्रीम वापरत, आमच्याकडे खोबरेल तेलाची वाटी आली. सुरुवातीला तो छताकडे बघत पडून राही. दोनेक महिन्यांनी पाय आखडता घेऊन हसला. पुढे मी एखादी खूण विसरले, तर बोट ठेवून दाखवू लागला.

आता तो दुसरीत आहे. काल संध्याकाळी खेळ अर्धा टाकून वर आला आणि कोपर माझ्यापुढे धरलं. बघितलं तर काहीच नव्हतं, गेल्या महिन्यातल्या खपलीची फिकट रेघ होती फक्त.

"इथे दुखतंय," तो म्हणाला.

मी वाटी आणायला उठले.