एका आठवड्याचे राजकारण

ग्रिनिच हे नाव मराठी वाचकाला शालेय भूगोलापासून परिचित आहे. जगाची प्रमाणवेळ जेथून मोजण्याची प्रथा पडली, तो हा लंडनचा भाग. डिसेंबर २०२० मध्ये याच ग्रिनिचची स्थानिक परिषद आणि ब्रिटनचे केंद्र सरकार यांच्यात खडाजंगी उडाली, तीही वेळेवरूनच. वाद होता शाळेच्या अवघ्या चार दिवसांचा. नाताळची सुटी शुक्रवारी, १८ डिसेंबरनंतर सुरू व्हायची होती. कोरोनाचा संसर्ग झपाट्याने वाढत असल्याने सोमवारी, १४ डिसेंबरला सायंकाळीच शाळा बंद कराव्यात आणि उरलेले दिवस ऑनलाइन शिकवावे, असे परिषदेचे म्हणणे होते. मजूर पक्षाच्या ताब्यातील या परिषदेचे नेते डॅनी थॉर्प यांनी रविवारी शाळांना तसे कळविले. दुसऱ्याच दिवशी शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी शाळा चालू ठेवण्याचा कायदेशीर आदेश काढला आणि तो न पाळल्यास उच्च न्यायालयात खेचण्याचा इशारा दिला. मंगळवारी परिषदेने माघार घेतली. जनतेचा पैसा न्यायालयीन लढाईवर खर्च करणे आपल्याला समर्थनीय वाटत नाही, असे थॉर्प यांनी स्पष्ट केले. इझलिंग्टन आणि वॉल्थम फॉरेस्ट या परिषदांनीही शाळांना असाच सल्ला दिला होता. त्यांचाही आवाज सरकारच्या पवित्र्यापुढे क्षीण झाला.

तीन दिवसांत प्रकरण मिटले, असे वरकरणी दिसले. प्रत्यक्षात त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ जानेवारी २०२१ च्या रात्री, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना साऱ्या इंग्लंडमधील शाळा बंद केल्याचे जाहीर करावे लागले. चार दिवस नाकारणाऱ्या सरकारला अखेर दोन महिने द्यावे लागले. म्हणूनच साथीच्या काळात नाताळाआधी शाळा लवकर बंद कराव्यात का, हा प्रश्न केवळ सुट्यांच्या वेळापत्रकाचा उरत नाही. संकटकाळात निर्णय कोणाचा आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, या संसदीय लोकशाहीतील मूलभूत प्रश्नाशी तो येऊन भिडतो.

चौदा दिवसांचे गणित

मागणीमागील तर्क साधा होता. ब्रिटनमधील चारही सरकारांनी २४ नोव्हेंबरला एकत्रितपणे असे ठरविले होते, की २३ ते २७ डिसेंबर या काळात तीन कुटुंबांना एकत्र येण्याची मुभा राहील. वर्षभर नातवंडांपासून दूर राहिलेल्या आजी-आजोबांसाठी हा दिलासा होता. तथापि, धोकाही तेथेच होता. शाळकरी मुलांना कोरोनाचा गंभीर आजार क्वचितच होत असे. परंतु लक्षणे नसलेले मूल संसर्ग घरी नेऊ शकत होते आणि घरातील वृद्धांना त्याची जबर किंमत मोजावी लागत होती. बाधिताच्या संपर्कात आलेल्या व्यक्तीने १४ दिवस विलगीकरणात राहावे, असा नियम होता. १४ डिसेंबरपासून तो कालावधी १० दिवसांवर आणण्यात आला. शाळा १८ डिसेंबरपर्यंत चालल्या तर नाताळपर्यंत उरत होते सात दिवस. त्या ११ डिसेंबरलाच बंद केल्या तर मिळत होते चौदा. मूल आजीच्या शेजारी जेवायला बसेल तेव्हा ते निर्धोक असण्याची शक्यता किती, याचा निवाडा या एका आठवड्यावर अवलंबून होता.

सरकारला हे गणित उमगले नव्हते, असेही नाही. शुक्रवार, १८ डिसेंबर हा दिवस शिक्षक-प्रशिक्षणाचा म्हणून शाळांनी मोकळा ठेवण्यास सरकारनेच त्या आठवड्यापूर्वी परवानगी दिली होती. बाधितांच्या संपर्कांचा माग काढण्याचे काम मुख्याध्यापकांच्या डोक्यावर होते. नाताळपूर्वी त्यांना सहा दिवस तरी त्यातून सुटका मिळावी, हा त्यामागील हेतू. म्हणजे एका दिवसाचा युक्तिवाद मान्य होता. चार दिवसांचा मात्र न्यायालयात नेण्याइतका आक्षेपार्ह ठरला.

दुसरी बाजूही वजनदार

शाळा चालू ठेवण्याच्या भूमिकेची टवाळी करणे मात्र अन्यायाचे ठरेल. इंग्लंडमधील शाळा २० मार्च २०२० ला बंद झाल्या आणि बहुसंख्य मुले सप्टेंबरपर्यंत वर्गात परतली नव्हती. ज्या घरात संगणक नाही, अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही, तेथील मुलांचे त्या काळातील नुकसान सर्वाधिक होते. अनेक गरीब मुलांना दिवसातील एक सकस जेवण शाळेतच मिळते. फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी सुटीतील जेवणासाठी चालविलेल्या मोहिमेपुढे जॉन्सन सरकारला त्याच वर्षी दोनदा नमते घ्यावे लागले होते. शाळा बंद झाली तर मुले घरातच बसतील याची शाश्वती नव्हती. नाताळच्या खरेदीने फुललेल्या बाजारात ती हिंडणारच नाहीत, असे कोणी सांगावे? शिवाय रविवारी कळवून मंगळवारपासून मुले घरी ठेवायची, तर नोकरदार आई-बापांनी ऐनवेळी सोय कोठे करायची?

हे सारे आक्षेप खरे होते. परंतु त्यांतील शेवटचा आक्षेप ज्याने घ्यावा, त्यानेच पुढे तो धुडकावला. सोमवार, १४ डिसेंबर हा दिवस या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच दिवशी आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी कॉमन्स सभागृहात विषाणूचा नवा उपप्रकार आढळल्याची माहिती दिली आणि बुधवारपासून लंडनला निर्बंधांच्या सर्वांत कडक, तिसऱ्या श्रेणीत टाकत असल्याचे जाहीर केले. लंडनचे महापौर सादिक खान यांनीही माध्यमिक शाळा लवकर बंद करण्याचा विचार व्हावा, अशी मागणी केली. एक मंत्री राजधानीतील संसर्गाचा वेग पाहून चिंता व्यक्त करीत असताना दुसरा मंत्री त्याच राजधानीतील परिषदेला शाळा उघड्या ठेवण्याचा हुकूम देत होता. ऑगस्टमध्ये परीक्षांच्या निकालांवरून विल्यमसन यांची नामुष्की झाली होती आणि घूमजावही करावे लागले होते. त्यानंतर ‘शाळा चालू’ हे त्यांच्यासाठी शैक्षणिक धोरणाइतकेच राजकीय प्रतिष्ठेचेही कलम बनले असावे, असे मानण्यास जागा आहे.

त्यांच्या हाती असलेले शस्त्रही लक्षात घ्यावे लागेल. मार्च २०२० मध्ये अवघ्या काही दिवसांत संमत झालेल्या कोरोनाव्हायरस कायद्याने मंत्र्यांना शाळा बंद करण्याचा आदेश काढण्याचा अधिकार दिला होता. त्याला लागूनच शाळा चालू ठेवण्याचा आदेश काढण्याचाही अधिकार दिला होता. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच हाती. घाईघाईने केलेल्या कायद्यातील असे अधिकार प्रथम कोणाविरुद्ध उगारले जातात, हे संसदेच्या अभ्यासकांनी नेहमीच पाहावे. येथे ते उगारले गेले लोकनियुक्त स्थानिक संस्थेवर.

घूमजावांची मालिका

पुढचा घटनाक्रम सरकारची केविलवाणी अवस्था दाखवितो. १९ डिसेंबरला नाताळची सवलत लंडन आणि आग्नेय इंग्लंडपुरती पूर्णतः रद्द झाली. इंग्लंडच्या उर्वरित भागात ती एका दिवसावर आली. युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार कराराच्या मंजुरीसाठी ३० डिसेंबरला संसद बोलावण्यात आली, तेव्हा विल्यमसन यांनी लंडनच्या ठरावीक भागांतील प्राथमिक शाळा जानेवारीत उघडणार नसल्याचे सांगितले. त्या यादीत ग्रिनिचचा समावेश नव्हता! वगळलेल्या परिषदांनी यामागचा निकष काय, असा जाब विचारला आणि नववर्षदिनी सरकारने संपूर्ण लंडन यादीत घातले. ३ जानेवारीला शाळा सुरक्षित असल्याची ग्वाही पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवर दिली. ४ तारखेला इंग्लंडमधील बहुतांश भागात प्राथमिक शाळांची घंटा वाजली आणि त्याच रात्री देशव्यापी टाळेबंदी पुकारली गेली. मुले एक दिवस शाळेत एकत्र आली, मिसळली आणि घरी परतली. ८ मार्चपर्यंत बहुतेकांसाठी शाळा बंद राहिल्या. ऐनवेळी निर्णय घेऊन पालकांची तारांबळ उडवू नये, हा डिसेंबरमधील दंडक जानेवारीत सरकारनेच मोडीत काढला.

वेल्स आणि जर्मनीचा मार्ग

याच सुमारास ब्रिटनमध्येच वेगळा निर्णयही झाला होता. शिक्षण हा विषय वेल्सच्या स्वतःच्या सरकारकडे आहे. तेथील शिक्षणमंत्री कर्स्टी विल्यम्स यांनी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याचा आधार देत १० डिसेंबरला जाहीर केले, की सोमवारपासून माध्यमिक शाळा आणि महाविद्यालयांचे शिक्षण ऑनलाइन होईल. प्राथमिक शाळा मात्र चालू राहतील, कारण लहान मुलांना स्वतःहून शिकणे अवघड जाते. वयोगटानुसार केलेली ही विभागणी ‘सर्व बंद’ आणि ‘सर्व चालू’ या दोन टोकांमधला विवेकी मार्ग होता.

जर्मनीत तर हा वाद थेट संसदेच्या व्यासपीठावर आला. तेथे शाळा राज्यांच्या अखत्यारीत येतात. चॅन्सेलरला त्या बंद करण्याचा अधिकार नाही. सुट्या १९ डिसेंबरला सुरू कराव्यात, असे नोव्हेंबरअखेरीस ठरले होते. लिओपोल्डिना या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १४ डिसेंबरपासूनच हजेरीची सक्ती उठविण्याची शिफारस केली. ९ डिसेंबरला अर्थसंकल्पीय चर्चेत अँगेला मर्केल यांनी एरवीचा संयम बाजूला ठेवून राज्यांना आवाहन केले. दिवसाला ५९० मृत्यू ही किंमत आपल्याला मान्य नाही, असे त्या म्हणाल्या. सुट्या १९ ऐवजी १६ डिसेंबरला सुरू करता येणार नाहीत काय, असे विचारून त्यांनी पुढे सवाल केला, की शतकातून एकदा येणाऱ्या संकटात तीन दिवसांचा तोडगाही आपल्याला काढता आला नाही, तर मागे वळून पाहणारे काय म्हणतील? सॅक्सनीने १४ तारखेपासून शाळा बंद करण्याचे आधीच ठरविले होते. १३ डिसेंबरला मर्केल आणि राज्यांचे प्रमुख यांच्यात एकमत झाले आणि १६ पासून शाळा बंद करण्याचा किंवा हजेरी ऐच्छिक करण्याचा निर्णय झाला. ज्या चॅन्सेलरकडे हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता, त्यांना मन वळवावे लागले. ज्या मंत्र्याकडे तो होता, त्याने तो वापरला. फलनिष्पत्तीतील फरक बोलका आहे.

आपल्याकडचा धडा

भारतात त्या डिसेंबरमध्ये प्रश्न उलट होता. येथे बहुतांश शाळा मार्चपासून बंदच होत्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने १५ ऑक्टोबरनंतर शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपविला. महाराष्ट्राने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीच्या वर्गांना मुभा दिली, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला; मुंबई महापालिकेने तिच्या हद्दीतील शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंद ठेवल्या. राज्याने महापालिकेला न्यायालयाची भीती घातली नाही. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने हे ग्रिनिचच्या तुलनेत स्वागतार्हच म्हणावे लागेल.

मात्र त्यावरून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. आपल्याकडे शाळा बंद ठेवणे सोपे गेले, कारण बंद ठेवण्याचा जाब विचारणारे कोणी नव्हते. लंडनमध्ये ज्या आठवड्यात चार दिवसांवरून रण माजले, त्याच आठवड्यात दिल्लीत संसदेचे हिवाळी अधिवेशनच होणार नसल्याचे समजले. त्याआधीच्या सप्टेंबरमधील अधिवेशनाला प्रश्नोत्तराचा तास नव्हता. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी भरले, तेव्हा ते बंद होऊन एकवीस महिने होत आले होते. चार दिवसांसाठी तिकडे मंत्र्याला आदेश काढावा लागला आणि त्याची कारणे द्यावी लागली. इकडे एकवीस महिन्यांचा हिशेब सभागृहात कोणी मांडल्याचे स्मरत नाही.

मग ग्रिनिचचे म्हणणे बरोबर होते काय? त्या चार दिवसांनी नव्या उपप्रकाराची लाट थोपविली गेली असती, असा दावा करता येणार नाही. परंतु सणासाठी कुटुंबांना एकत्र येण्याची परवानगी द्यायची आणि त्यापूर्वीचा आठवडा मात्र मुलांना वर्गात दाटीने बसवायचे, या दोन निर्णयांची सांगड बसत नव्हती. एकतर भेटी आवरायच्या होत्या किंवा शाळा. हा पर्याय नोव्हेंबरमध्येच लोकांपुढे ठेवला असता, माध्यमिक वर्ग आठवडाभर आधी घरी पाठवून बुडालेले दिवस पुढे भरून देण्याचे वचन दिले असते, तर पालकांना तयारीला वेळ मिळाला असता आणि गरीब मुलांच्या जेवणाची सोयही लावता आली असती. लवकर जाहीर केलेली छोटी सुटी ही उशिरा लादलेल्या दीर्घ सुटीपेक्षा मुलांच्या शिक्षणाला नेहमीच कमी महाग पडते.

ब्रिटनच्या कोविड चौकशी आयोगाने मुलांवरील परिणामांच्या सुनावणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉन्सन आणि विल्यमसन या दोघांचीही साक्ष नोंदविली. पाच वर्षांनी का होईना, निर्णय घेणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी समोर बसावे लागले. ज्यांची शाळा ४ जानेवारीला एकच दिवस भरली, त्यांपैकी बहुतेक मुले तोवर माध्यमिक शाळेत पोहोचली होती. आपल्याकडील एकवीस महिन्यांबाबत असा आयोग नेमला जाईल तेव्हा जाईल. निदान संसदेत एक प्रश्न तरी विचारला जावा.